एका मैलाचा महामार्ग

हा रस्ता मला प्रथम भेटला तो चुकून.

मिशिगन राज्यात नोकरीस लागून मला तीनच आठवडे झाले होते. ट्रॉय या डेट्रॉइटच्या उपनगरातून आंतरराज्य महामार्ग ७५ धरून मी दक्षिणेस टोलिडोकडे निघालो होतो. सरळ जातो तो महामार्ग आणि वळतो तो फाटा, एवढ्या व्यवहारज्ञानाच्या बळावर शहराच्या मध्यभागी पोहोचलो आणि सरळ गेलो. दोन्ही अंगांना काँक्रीटच्या भिंती उंचावल्या, डोक्यावरून काही पूल सरकले, आणि दीड मिनिट होते न होते तोच रस्ता उजवीकडे वळून सिग्नलपाशी संपला. समोर काचेचे उंच मनोरे, त्यांच्यामागे नदी आणि नदीपलीकडे कॅनडा. तोही उत्तरेस नव्हे, दक्षिणेस. शाळेतल्या भूगोलावरचा माझा विश्वास त्या दिवशी थोडा ढळला.

मित्रहो, या सूत्रमालिकेत आपण नाणेघाट उतरलो, बोरघाट चढलो. आज सांगावयाचा रस्ता अवघा १.०६ मैलांचा, म्हणजे सुमारे १.७ किलोमीटरचा आहे. आंतरराज्य महामार्ग ३७५ हे त्याचे नाव. मी व्यवसायाने रस्ते-अभियंता. तेव्हा चुकल्याची लाज वाटलीच, पण त्याहून अधिक कुतूहल वाटले. मूळ महामार्ग वळतो आणि फाटा सरळ जातो, अशी उफराटी रचना कोणी आणि का केली असावी?

आधी क्रमांकाचे गणित सांगतो. अमेरिकेतील आंतरराज्य महामार्गांत तीन आकडी क्रमांक दिसला, की शेवटचे दोन अंक मूळ मार्गाचे समजावेत. पहिला अंक विषम असेल तर तो सहसा शहरात शिरून संपणारा फाटा, सम असेल तर शहराला वळसा घालून किंवा शहरातून जाऊन पुन्हा मुख्य मार्गास मिळणारा रस्ता. ७५ क्रमांकाचा मार्ग मिशिगनच्या उत्तर टोकापासून फ्लोरिडापर्यंत अडीच हजारांहून अधिक किलोमीटर धावतो. त्याचा हा फाटा उत्तरेकडे ग्रॅशिअट रस्त्याजवळ सुरू होतो, जमिनीच्या पातळीखाली खोदलेल्या चरातून दक्षिणेस जातो आणि नदीकाठच्या जेफरसन रस्त्यावर जाऊन विरतो. पश्चिमेला ग्रीकटाउन, पूर्वेला लाफायेट पार्कची झाडी. वरच्या बाजूने चालत गेलात तर वीस-पंचवीस मिनिटांत हे सारे पाहून होते. मी कित्येक रविवारी तसा चाललो आहे.

उफराट्या रचनेचे उत्तर जुन्या नकाशात सापडते. क्रायस्लर मार्ग हा मुळात हेस्टिंग्ज नावाच्या एका सरळ रस्त्याच्या रेषेवर आखलेला मार्ग. सुरुवातीच्या आराखड्यांत त्याचे नावही ओकलंड-हेस्टिंग्ज असेच होते. मोटार-कारखानदार वॉल्टर क्रायस्लर यांचे नाव नंतर आले. शहराजवळ दुसरा एक द्रुतमार्ग, फिशर मार्ग, त्याला आडवा येऊन मिळतो. ७५ हा क्रमांक त्या ठिकाणी क्रायस्लर मार्ग सोडून फिशर मार्गावर वळला आणि नदीपर्यंत उरलेल्या शेपटीला ३७५ हा क्रमांक मिळाला. फाटा सरळ आहे, कारण हेस्टिंग्ज रस्ता सरळ होता. (आपल्या परिचयाच्या वॉरन हेस्टिंग्जशी या रस्त्याचा काही संबंध नाही.)

हेस्टिंग्ज रस्ता सरळ का, हे पाहायचे तर आणखी अडीचशे वर्षे मागे जावे लागते. कॅडिलॅक या फ्रेंच अधिकाऱ्याने १७०१ मध्ये येथे गढी वसवली. फ्रेंच शेतकऱ्यांनी नदीकाठ वाटून घेतला तो फितीसारख्या शेतांत: नदीवर अरुंद तोंड आणि मागे दूरवर गेलेली लांबलचक पट्टी. प्रत्येकाला पाणी मिळावे, ही त्यामागची सोय. पुढे शहर वाढले तेव्हा याच पट्ट्यांच्या बांधांना धरून रस्ते निघाले. बोबियन, सेंट अँटोइन, रिव्हार्ड ही रस्त्यांची नावे आजही त्या काळातील जमीनदार घराण्यांची आणि त्यांच्या संतांची आठवण देतात. आजचा महामार्ग ज्या दिशेने धावतो, ती दिशा त्या शेतांच्या बांधांनी ठरवून दिलेली आहे.

या सखल जमिनीची माती काळी आणि कसदार होती. त्यावरून या भागाला ब्लॅक बॉटम, म्हणजे काळी सखल भूमी, असे नाव पडल्याचे सांगतात. पुढे येथे कृष्णवर्णीय लोक बहुसंख्येने राहू लागले म्हणून हे नाव पडले, असा समज फार जणांचा असतो. पण नाव वस्तीहून जुने आहे. आपल्या गावगाड्यात कसण्याच्या जमिनीला काळी म्हणत आणि वस्तीच्या जागेला पांढरी. डेट्रॉइटची ती काळी यथावकाश पांढरी झाली. शब्दाचा हा खेळ तेथील इतिहासाच्या संदर्भात किती विपरीत ऐकू येतो, हे मी एकदा तेथल्या सहकाऱ्याला समजावून सांगण्याचा प्रयत्न केला आणि मध्येच सोडून दिला.

एकोणिसाव्या शतकात येथे जर्मन आले, मग पूर्व युरोपातून ज्यू आले. हेस्टिंग्ज रस्ता काही दशके ज्यूंच्या दुकानांचा रस्ता होता. १९१४ च्या जानेवारीत फोर्ड कंपनीने दिवसाला पाच डॉलर देण्याची घोषणा केली, महायुद्धाने युरोपातून येणारे मजूर अडवले, आणि दक्षिणेतील राज्यांतून कृष्णवर्णीय कुटुंबे आगगाड्या भरभरून उत्तरेकडे येऊ लागली. १९१० मध्ये डेट्रॉइटमध्ये त्यांची संख्या पावणेसहा हजारांच्या घरात होती. १९३० मध्ये ती एक लाख वीस हजार झाली आणि १९५० मध्ये तीन लाखांवर गेली. कारखान्यांना माणसे हवी होती. ती माणसे राहणार कोठे, हा प्रश्न मात्र शहराने ब्लॅक बॉटमवर सोडला. इतरत्र घरांच्या खरेदीपत्रांतच अट असे, की हे घर कृष्णवर्णीयास विकू वा भाड्याने देऊ नये. अशा अटी न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. त्या वेळी एकत्र ऐकलेल्या दाव्यांपैकी एक डेट्रॉइटच्या मॅगी कुटुंबाचा होता.

अशा कोंडलेल्या जागेत लोकांनी जे उभे केले ते थोडेथोडके नव्हते. दवाखाने, औषधाची दुकाने, खाणावळी, केशकर्तनालये, वृत्तपत्रे, चर्चे आणि रात्री उशिरापर्यंत चालणारी संगीतगृहे. उत्तरेकडच्या व्यापारी भागाला पॅरडाइज व्हॅली, म्हणजे नंदनवनाची दरी, म्हणत. मुष्टियोद्धा जो लुई लहानपणी दक्षिणेतून आला तो या परिसरात वाढला. डेट्रॉइटचे पहिले कृष्णवर्णीय महापौर कोलमन यंग यांचेही बालपण येथलेच. हेस्टिंग्ज रस्त्याच्या ३५३० क्रमांकावर जो व्हॉन बॅटल यांचे ध्वनिमुद्रिकांचे दुकान होते. रस्त्यावरच्या न्यू बेथेल चर्चमध्ये रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन प्रवचने करीत. बॅटल ती ध्वनिमुद्रित करून विकत. १९५६ मध्ये त्यांनी त्या चर्चमध्ये रेव्हरंडांच्या चौदा वर्षांच्या मुलीचे गाणे मुद्रित केले. तिचे नाव अरीथा फ्रँकलिन.

नंदनवन या शब्दाला आपण फसू नये. घरे जुनी, लाकडी, एकेका खोलीत दाटीवाटीने राहणारी कुटुंबे, अनेक ठिकाणी शौचालयांची दुरवस्था आणि भाडी मात्र चढी, कारण भाडेकरूला दुसरीकडे जाण्याची सोयच नव्हती. १९४३ च्या जूनमध्ये शहरात वंशदंगल उसळली तेव्हा हेस्टिंग्ज रस्ताही होरपळला. चौतीस माणसे मेली, त्यांपैकी पंचवीस कृष्णवर्णीय. म्हणून, या वस्तीची सुधारणा व्हायला हवी होती असे जे म्हणत होते ते सारेच खोटे बोलत नव्हते. सुधारणा कोणासाठी, एवढेच त्यांनी विचारले नाही.

१९४६ मध्ये महापौर एडवर्ड जेफ्रीज यांनी योजना मांडली: शहराने ही जमीन ताब्यात घ्यावी, मोकळी करावी आणि खाजगी विकासकांस स्वस्तात द्यावी. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याने त्यासाठी केंद्राचा पैसा उपलब्ध झाला. पुढचे महापौर अल्बर्ट कोबो यांना या कामाची घाई होती. घरे पाडली गेली आणि जमीन काही वर्षे तशीच ओसाड पडली. तिच्यावर इतके रॅगवीड, आपल्या गाजरगवताचे जातभाई, माजले की लोकांनी जागेला त्याच गवताचे नाव दिले. मग तेथे विख्यात वास्तुकार मीस व्हान डर रोहे यांनी रचलेले लाफायेट पार्क उभे राहिले. ते सुंदर आहे. त्याच्या झाडांखाली बसून मी कित्येकदा डबा खाल्ला आहे, आणि आवडू नये असे वाटत असूनही ते मला आवडते.

दुसरा घाव रस्त्याचा. १९५६ च्या महामार्ग कायद्याने आंतरराज्य महामार्गांच्या खर्चाचा नव्वद टक्के भार केंद्राने उचलला. (भारताचा राष्ट्रीय महामार्ग अधिनियमही १९५६ चाच, हा योगायोग आमच्या धंद्यातील लोकांना ठाऊक असतो.) शहराला दहा टक्केही न देता रस्ता मिळत असेल तर नको कोण म्हणणार? मध्यवर्ती भागातील व्यापाऱ्यांना भीती होती, की उपनगरांत गेलेले गिऱ्हाईक परत येणार नाही. रस्ता त्यांना परत आणील असा हिशेब होता. काम १९५९ मध्ये सुरू झाले आणि १९६४ च्या जूनमध्ये हा तुकडा खुला झाला. हेस्टिंग्ज रस्ता चरात गेला. उत्तरेकडच्या भागात न्यू बेथेल चर्चही त्याच मार्गाखाली गेले आणि त्याला लिनवुड रस्त्यावर नवी जागा शोधावी लागली. व्यापाऱ्यांचा हिशेब तर साफ चुकला: १९५० मध्ये साडेअठरा लाख लोकसंख्या असलेल्या शहरात २०२० मध्ये ६ लाख ३९ हजार माणसे उरली होती. गिऱ्हाईक आणणाऱ्या रस्त्यांनी गिऱ्हाईक नेले.

मोबदला? घरमालकास घराची ठरवलेली किंमत मिळे. पण ब्लॅक बॉटममधील बहुसंख्य लोक भाडेकरू होते, आणि दुकानदारांपैकीही अनेकांची जागा भाड्याची होती. वीस वर्षांत जमवलेल्या गिऱ्हाइकाला कोणत्याही रकान्यात जागा नव्हती. विस्थापितांना साहाय्य देण्याविषयी सर्व केंद्रीय योजनांना लागू होणारा कायदा झाला तो १९७० मध्ये. तोवर हा रस्ता सहा वर्षांचा झाला होता. जो व्हॉन बॅटल आपले दुकान घेऊन बाराव्या रस्त्यावर गेले. १९६७ च्या जुलैमध्ये त्याच बाराव्या रस्त्यावर उठाव पेटला आणि दुकान नष्ट झाले. कितीतरी फिती व तबकड्या त्यात गेल्या.

येथवरचा इतिहास तुम्हांला ग्रंथांतही मिळेल. मी हे सूत्र लिहावयास घेतले ते छायाचित्रांमुळे.

डेट्रॉइटच्या सार्वजनिक ग्रंथालयात बर्टन ऐतिहासिक संग्रह आहे. त्यात ब्लॅक बॉटमची शेकडो छायाचित्रे आहेत, १९४९ आणि १९५० मध्ये काढलेली. एकेक घर, एकेक दुकान, रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पाट्या वाचता येतात. ओसरीवरची खुर्ची दिसते. कोठे कोठे एखादा माणूस चौकटीत आला आहे. अलीकडे अभ्यासकांनी ही छायाचित्रे ओळीने जोडून नाहीसे झालेले रस्ते पुन्हा उभे केले. त्यांचे प्रदर्शन भरले, तेव्हा तेथे वाढलेली वृद्ध माणसे आपापले दार शोधत आली. ही छायाचित्रे कोणी काढली असावीत? एखाद्या कलावंताने, वृत्तपत्राने? ती शहरानेच काढवली, भूसंपादनाच्या कारवाईसाठी. पाडावयाच्या इमारतींची किंमत ठरवताना पुरावा हवा म्हणून. त्या वस्तीचे घरोघरचे इतके तपशीलवार चित्र आपल्याला उपलब्ध आहे ते ती मोडण्याच्या कामाचा कागद म्हणून.

ही छायाचित्रे प्रथम पाहिली तेव्हा माझ्या हातांना घाम आला. कारण तशी छायाचित्रे मी स्वतः काढली आहेत.

२०११ सालची गोष्ट. मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग चौपदरी व्हावयाचा होता आणि मी सल्लागार संस्थेत नवा कनिष्ठ अभियंता होतो. रस्त्याच्या मध्यरेषेपासून ठरलेले अंतर मोजायचे, त्या रेषेत येणाऱ्या प्रत्येक बांधकामावर लाल रंगाने क्रमांक घालायचा, आणि क्रमांकाची पाटी धरून छायाचित्र घ्यायचे. पाटी धरायला एक मुलगा होता. दिवसाला चाळीस-पन्नास घरे होत. यादीत रकाने होते: गट क्रमांक, मालकाचे नाव, बांधकामाचा प्रकार, क्षेत्रफळ, छपराचे साहित्य. सिमेंटचे पत्रे की कौले, याची नोंद मी कसोशीने केली.

एका घराच्या पुढच्या खोलीत एक म्हातारी बांगड्यांचे दुकान चालवीत असे. घरमालक पुण्यास. मी कॅमेरा उचलला तशी ती म्हणाली, "थांब रे बाबा, पदर घेते डोक्यावरून." पदर नीट घेऊन ती दारात येऊन उभी राहिली, हात जोडावे तसे पुढे धरून. मी म्हणालो, "मावशी, जरा बाजूला व्हा. घराचा फोटो पाहिजे." ती हसली, ओशाळली आणि बाजूला झाली. मालकाच्या नावाच्या रकान्यात मी मालकाचे नाव लिहिले. तिच्या नावासाठी रकाना नव्हता. तिचे नाव मी विचारलेही नाही. २०१३ चा नवा भूसंपादन कायदा अद्याप व्हावयाचा होता. त्या कायद्यात बाधित कुटुंबांच्या व्याख्येत भाडेकरूंचाही विचार झाला. तिला त्याचा काही उपयोग झाला नसणार, कारण तोवर तो रस्ता वाहता झाला होता. मी त्यावरून गेलो आहे. उत्तम रस्ता आहे.

डेट्रॉइटकडे परत येतो. ३७५ क्रमांकाचा फाटा आता जीर्ण झाला आहे आणि त्याचे पूल म्हातारे. चर बुजवून त्या जागी सिग्नल व पदपथ असलेला साधा, रुंद रस्ता करावा, अशी योजना राज्याच्या परिवहन विभागाने आखली. २०२२ मध्ये केंद्र सरकारने तिला १० कोटी ४६ लाख डॉलर मंजूर केले. चर बुजल्यावर सुमारे तीस एकर जमीन मोकळी होईल, आणि खरा वाद त्या जमिनीचा आहे. ती कोणाला द्यावी? ज्यांची घरे गेली ते बहुतांश भाडेकरू; त्यांच्या नातवंडांच्या हाती ना खरेदीपत्र ना पावती. नव्या रस्त्याची रुंदी पाहून काहींनी म्हटले, की हा तर पुन्हा महामार्गच झाला. अखेर खर्चाचे आकडे फुगले आणि २०२५ मध्ये विभागाने काम थांबवून ठेवले. महापौर कोबो यांचे नाव मात्र शहरातील भव्य सभागृहावरून २०१९ मध्ये उतरले. नाव उतरवायला खोदकाम लागत नाही.

व्यावसायिक म्हणून माझे मत विचाराल तर चर बुजवावा. दीड मिनिटाच्या रस्त्यासाठी एवढी खोल भिंत शहराच्या मधोमध ठेवण्याचे कारण मला वाहतुकीच्या आकड्यांत सापडत नाही. पण जमिनीच्या वाटपाची यादी कोणी करणार असेल तर तिच्यातले रकाने आधी दाखवा, असे मी म्हणेन.

गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा जुनी हार्ड डिस्क शोधून काढली. २०११ चे ते फोल्डर अजून उघडते. त्या घराची दोन छायाचित्रे निघाली. पहिल्यात घाईने दाबलेले बटण, सारे हललेले, दारात एक धूसर आकृती. दुसरे स्वच्छ आहे: दार, बांगड्यांची लाकडी मांडणी, भिंतीवर लाल रंगातला क्रमांक, पाटी धरलेल्या मुलाचा हात. उजव्या कडेला, चौकटीच्या अगदी टोकाशी, हिरव्या लुगड्याचा पदर दिसतो. यादीसोबत मी हे दुसरे छायाचित्र पाठवले होते.